परदेशाचे दार आणि भारतीयाची पत

घराचा उंबरठा कोणाला ओलांडू द्यायचा आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा असतो. राष्ट्रांच्या बाबतीतही हाच न्याय आहे. पारपत्र, म्हणजे आपला पासपोर्ट, हे आपल्या राष्ट्राने आपल्याविषयी दिलेले प्रमाणपत्र असते. व्हिसा म्हणजे त्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या राष्ट्राने ठेवलेला किंवा नाकारलेला विश्वास. पहिला कागद आपल्या सरकारकडून हक्काने मागता येतो, दुसरा मात्र परक्याच्या दारात उभे राहून मिळवावा लागतो. हा भेद नीट ध्यानात घेतला, तर परदेशवारीच्या निमित्ताने घरोघरी होणारी धावपळ, मनस्ताप, फसवणूक आणि मानापमान यांचा उलगडा होऊ लागतो.

एका पिढीपूर्वीपर्यंत परदेशप्रवास हा उद्योगपती, उच्चशिक्षित आणि सरकारी शिष्टमंडळे यांच्यापुरता मर्यादित होता. आज साताऱ्याचा निवृत्त शिक्षक, जळगावचा व्यापारी आणि नाशिकचा द्राक्ष बागायतदारही सहकुटुंब युरोप पाहण्याचा बेत आखतो. ज्यांची मुले अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थिरावली आहेत, अशा आईवडिलांना तर ही वारी चुकत नाही. लेकीचे बाळंतपण, नातवाची मुंज, मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत ही त्यांची निमित्ते. आयुष्यभर कोणाचे देणे न ठेवलेली, कर चुकविण्याचा विचारही न शिवलेली ही माणसे बँकेचा खातेउतारा, आयकर विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाचा दाखला आणि घराच्या मालकीची कागदपत्रे घेऊन रांगेत उभी राहतात. काचेपलीकडचा परका अधिकारी दोन-तीन मिनिटांत त्यांच्या विश्वासार्हतेचा निकाल लावतो. हा निकाल विरुद्ध गेला की भरलेल्या शुल्काइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मन दुखावते. अप्रामाणिक ठरविले गेल्याचा तो सल असतो.

या सलाला जुना इतिहास आहे. परदेशगमनाच्या वाटेवरचा पहिला अडसर परकीयांनी घातलेला नव्हता, तो आपणच घालून घेतला होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीने ज्या समाजाची गलबते एके काळी पूर्वेच्या बेटांपर्यंत जात होती, तो समाज किनाऱ्यावरच थिजून बसला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायातील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत ‘सिंधुबंदी’ ही एक होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे व्हिसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो स्वकीयांच्या रोषाचा. ती बेडी आपण तोडू लागलो, त्याच सुमारास परकीयांनी आपली दारे लावून घ्यायला आरंभ केला.

कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला की, मायदेशातून कोठेही न थांबता थेट आलेल्यालाच देशात घेतले जाईल. हिंदुस्थानातून तसा सलग प्रवास करण्याची सोयच नसल्याने नियमात कोणाचे नाव न घेता हिंदी माणूस वगळला गेला. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजातून व्हँकुव्हरला पोचलेल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेक पंजाबातील शीख होते. दोन महिने बंदरात अडकवून ठेवून, अगदी थोडे अपवाद वगळता, त्या सर्वांना परत पाठविण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे ते उतरले, तेव्हा ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांचे स्वागत केले. या प्रकरणी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली, ती २०१६ साली, म्हणजे शंभर वर्षे उलटून गेल्यावर. अमेरिकेनेही १९१७ च्या कायद्याने आशियाच्या फार मोठ्या भूभागातील लोकांना स्थलांतरबंदी केली आणि त्यात हिंदुस्थान होता. १९४६ साली हे दार किलकिले झाले, तेही वर्षाला केवळ शंभर माणसांपुरते.

पारपत्राची सक्ती ही पहिल्या महायुद्धाची देणगी. युद्धकाळातील बंधने युद्ध संपल्यावरही उठली नाहीत. हिंदुस्थानात १९२० साली त्यासाठी कायदाच झाला. सत्ताधीशाच्या हाती हा कागद कसे हत्यार बनतो, याचा अनुभव लोकमान्य टिळकांनी घेतला. १९१८ मध्ये स्वराज्याची मागणी मांडण्यासाठी ते इंग्लंडला निघाले असता ब्रिटिश सरकारने परवाने रद्द केले आणि त्यांना कोलंबोहून परतावे लागले. त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी जाण्याची अनुमती मिळाली, ती राजकीय प्रचार न करण्याच्या अटीसह. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांची कथा तर याहून विलक्षण. मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळविलेल्या या देशभक्ताला देश स्वतंत्र झाल्यावर मायभूमीला यायचे होते. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव असल्यामुळे आरंभी त्यांचा व्हिसाच नाकारला गेला. चूक पुढे दुरुस्त झाली, पण ज्या भूमीसाठी आयुष्य उधळले, तिच्याच दारात परक्यासारखे थांबण्याची वेळ त्यांच्यावर आली, हे विसरता येत नाही.

स्वतंत्र भारतात पारपत्र ही प्रदीर्घ काळ सरकारची मर्जी समजली जात होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशगमनाचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्राचा कायदा संमत झाला. १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक बळकट केले. आपल्या देशातून बाहेर पडण्याचा हक्क अशा रीतीने मिळाला. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र जगातील कोणतेही न्यायालय परक्याला सहसा देत नाही. त्यामुळे व्हिसाच्या दारात हक्काची भाषा उपयोगी पडत नाही. तेथे चालते ते पतीचे नाणे.

ही पत कशी जोखली जाते, हे समजून घेण्याचे कष्ट फार थोडे अर्जदार घेतात. पर्यटक व्हिसाचा अर्ज कितीही पानांचा असो, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : हा मनुष्य ठरल्या दिवशी परत जाईल काय? अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातील २१४ (ब) हे कलम या बाबतीत अगदी उघड बोलते. अर्जदार अमेरिकेत कायमचे राहण्याच्या हेतूनेच येत आहे, असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकतो. सामान्य न्यायालयात आरोपी हा गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानला जातो, येथे नेमकी उलटी रीत आहे. म्हणूनच सधन मनुष्यालाही नकार मिळतो आणि बेताच्या मिळकतीचा निवृत्त कारकून सहज होकार घेऊन येतो. पैसा किती आहे यापेक्षा मायदेशाशी नाते किती घट्ट आहे, हे तेथे पाहिले जाते. नोकरी, शेती, व्यवसाय, घर, मागे राहणारे कुटुंब आणि पूर्वी केलेल्या प्रवासांतून वेळेवर परतल्याची नोंद या त्या नात्याच्या खुणा.

युरोपातील शेंगेन व्यवस्थेची रीत थोडी निराळी आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी १९८५ मध्ये पाच देशांनी केलेल्या कराराचा विस्तार होत आज २९ देश त्यात आले आहेत. एका व्हिसावर या सर्व देशांत जाता येते, परंतु कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्याच्याकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम पाऊल ठेवायचे त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पारपत्र गेल्या दहा वर्षांतील हवे, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी त्याची मुदत उरलेली हवी आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी कळविणे आणि अपिलाची सोय ठेवणे त्या देशांवर बंधनकारक आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अपील नाही, तेथे पुन्हा शुल्क भरून नव्याने अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो.

हे नियम कडक आहेत, पण गुप्त नाहीत. सर्व दूतावासांनी ते जाहीर केलेले असतात. तरीही अर्ज फसतात, याचे कारण बहुधा अर्जदाराच्या गरिबीत नसून कागदांच्या विसंगतीत असते. वर्षभर ज्या खात्यात तीस-चाळीस हजारांपलीकडे शिल्लक नव्हती, त्यात अर्जाच्या आठवडाभर आधी आठ लाख जमा होतात. ते मामाकडून उसने घेतलेले असतात, हे अधिकाऱ्याला कळायला ज्योतिष लागत नाही. ज्या देशाचा व्हिसा सोपा म्हणून मागितला जातो, तेथे एक रात्र मुक्काम आणि उरलेले दहा दिवस दुसऱ्याच देशात असा कार्यक्रम जोडला जातो. अर्जातील उत्पन्न आणि आयकर विवरणपत्रातील उत्पन्न यांची गाठ पडत नाही. मागे कधी मिळालेला नकार लपविला जातो. आणि या साऱ्याच्या मागे बहुतेक वेळा उभा असतो तो दलाल. “असे लिहिले तरच काम होते” असे तो आत्मविश्वासाने सांगतो. अर्जाखाली सही मात्र अर्जदाराची असते, दलालाची नव्हे.

या खोट्याची किंमत किती जबर असते, याची कल्पना अनेकांना नसते. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेचा कायदा त्या व्यक्तीला कायमचे अपात्र ठरवितो. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांची बंदी येऊ शकते. मुलीला भेटायला जाण्याचे खरे कारण असताना ‘स्थलदर्शन’ असे लिहिण्याचा सल्ला देणारे महाभाग ज्येष्ठ नागरिकांचे केवढे अहित करतात, हे यावरून ध्यानी यावे. लेकीच्या बाळंतपणाला जाणे ही काही लपविण्याची गोष्ट नाही, आप्तांना भेटणे हा पर्यटक व्हिसाचा मान्य हेतू आहे. कारण सांगितल्यामुळे अडचण येईलच असे नाही. ते लपविल्याचे उघड झाले, तर मात्र अडचण ठरलेली.

आणखी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पारपत्रावर दहा वर्षे मुदतीचा अमेरिकी व्हिसा चिकटविला की दहा वर्षे तेथे राहण्याची मुभा मिळाली, असे काहींना वाटते. व्हिसाची मुदत ही दार ठोठावण्याची मुदत असते. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो आणि पर्यटकाला साधारणतः सहा महिने मिळतात. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद यंत्राद्वारे ठेवली जाऊ लागली आहे. पूर्वी पुसट शिक्क्यांत दडून जाणारा एखादा जास्तीचा दिवसही आता यंत्राच्या नजरेतून सुटणार नाही.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या आणि अधिक अप्रिय बाजूकडे वळले पाहिजे. प्रामाणिक भारतीयाकडे संशयाने का पाहिले जाते? याचे सगळे उत्तर परक्यांच्या वर्णद्वेषात शोधणे सोयीचे आहे, खरे नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधील डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब, त्यात दोन लहान मुले, कॅनडातून अमेरिकेत चोरट्या वाटेने शिरताना हिमवादळात गोठून मेले. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाकडे निघालेले, बहुसंख्य भारतीय प्रवासी असलेले एक विमान मानवी तस्करीच्या संशयावरून फ्रान्समध्ये अडविण्यात आले आणि २७६ जणांना घेऊन ते मुंबईला परतले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय हातापायांत बेड्या घातलेल्या अवस्थेत अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. त्या बेड्या पाहून देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. परंतु कोणी शेती विकून, कोणी कर्ज काढून लाखो रुपये दलालांच्या घशात घालून या तरुणांना त्या वाटेला लावणारे आपल्याच समाजातील होते, याबद्दलचा संताप मात्र चार दिवसही टिकला नाही.

या चोरवाटांचा भुर्दंड सरळ वाटेने जाणाऱ्याला पडतो. सर्बियाने २०१७ मध्ये भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला होता. त्या सवलतीचा उपयोग करून पुढे युरोपीय संघात घुसणाऱ्यांची संख्या वाढली, संघाने दडपण आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत संपली. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशीच सूट दिली. नोकरीच्या आमिषाने भारतीयांना तेथे नेऊन खंडणीसाठी डांबून ठेवण्याचे प्रकार घडल्यावर २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती स्थगित झाली. थायलंडच्या सुलभ प्रवेशाचा फायदा घेऊन तरुणांना म्यानमारमधील सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांवर नेले गेले. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांतून ५४९ जणांना सोडवून आणावे लागले. हातात पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश आणि मनात नोकरीची आशा, एवढ्या सामग्रीवर माणूस गुलाम होऊ शकतो, हे यातून दिसले. ब्रिटनने २०१३ मध्ये भारतासह सहा देशांतील काही पर्यटकांकडून तीन हजार पौंडांची अनामत घेण्याची योजना आखली होती. विरोधामुळे ती सोडून दिली गेली, पण तशी कल्पना सुचणे हेच पुरेसे बोलके होते.

युरोपीय संघाने तर हा संबंध कायद्यातच गोवला आहे. २०१९ साली सुधारलेल्या व्हिसा संहितेनुसार, जो देश अवैधरीत्या राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेण्यात सहकार्य करीत नाही, त्याच्या साऱ्या नागरिकांसाठी व्हिसाचे शुल्क वाढविता येते आणि नियम कडक करता येतात. आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाने याचा अनुभव घेतला. २०२२ मध्ये त्याच्या नागरिकांना ८० ऐवजी १२० युरो मोजावे लागले. एकाच्या अपराधाचा दंड सर्वांनी भरायचा, हा न्याय नव्हे, असे म्हणता येईल. परंतु आंतरराष्ट्रीय व्यवहारात राष्ट्राची पत ही सामाईक खात्यासारखी असते. एकाने काढलेली उचल सर्वांच्या शिलकीतून वजा होते.

याचा अर्थ दाराआडच्यांचे सारेच वागणे न्याय्य आहे, असा मुळीच नाही. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांपैकी सुमारे १५ टक्के, म्हणजे एक लाख पासष्ट हजारांच्या घरात, नाकारले गेले. शुल्क त्या वर्षी जूनमध्ये ८० वरून ९० युरो झाले. नाकारलेल्या अर्जांचे शुल्क परत मिळत नाही. याचा अर्थ काहीही न देता भारतीयांच्या खिशातून सव्वा कोटी युरोंहून अधिक रक्कम त्या तिजोऱ्यांत गेली. अमेरिकेने २०२३ मध्ये शुल्क १६० वरून १८५ डॉलर केले. करोनानंतरच्या काळात तेथील पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी भारतीयांना कित्येक महिने, कधी कधी वर्षाहून अधिक, ताटकळावे लागले. आजारी मुलाला पाहायला निघालेल्या आईला पुढच्या वर्षीची तारीख देणे, याला शिस्त म्हणता येत नाही. नकारपत्रावरील छापील कारणांच्या चौकटीत केलेली एक खूण हे एखाद्याच्या सचोटीवर दिलेल्या निर्णयाचे समाधानकारक उत्तर होऊ शकत नाही.

शिवाय व्हिसा हे राजकारणाचेही साधन आहे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेने गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना राजनैतिक व्हिसा नाकारला आणि त्यांच्याकडे असलेला पर्यटक-व्यावसायिक व्हिसाही रद्द केला. लोकांनी निवडून दिलेल्या मुख्यमंत्र्याचा हा अवमान असल्याची भूमिका घेऊन केंद्रातील विरोधी पक्षाच्या सरकारनेही तेव्हा निषेध नोंदविला होता, हे विशेष. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच देशाने पंतप्रधान म्हणून त्यांचे स्वागत केले. कागद तोच, कायदाही तोच, बदलले होते ते भारतीय मतदाराने दिलेले सामर्थ्य. राष्ट्राचे बळ वाढले की त्याच्या नागरिकाच्या पारपत्राचे वजन वाढते, हा यातील धडा आहे.

भारतानेही आपल्या दाराचा विवेकाने वापर करायला आरंभ केला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांसाठी सुरू झालेली ई-पर्यटक व्हिसाची सोय आता दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना उपलब्ध आहे. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या देशाला ते शोभून दिसते. दुसरीकडे कॅनडाशी संबंध बिघडले, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील नागरिकांचे व्हिसा काही काळ थांबविण्याचा खंबीरपणाही भारताने दाखविला. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नवी व्यवस्था स्वीकारली. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरणाऱ्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा देण्याचे त्यात ठरले. नियम पाळणाऱ्याला बक्षीस देणारी ही रीत स्वागतार्ह आहे. सौदेबाजीने जे मिळते, ते नागरिकांच्या सद्वर्तनाने टिकते, हेही तिच्यातून दिसते.

म्हणून या प्रश्नावर तीन पातळ्यांवर काम व्हावयास हवे. पहिली पातळी सरकारची. व्यापार करारांच्या वाटाघाटींत माल आणि भांडवल यांच्याबरोबर सामान्य प्रवाशाच्या सन्मानाचाही विषय आग्रहाने मांडला गेला पाहिजे. नाकारलेल्या अर्जाचे निदान काही शुल्क परत मिळावे, ज्येष्ठ नागरिकांना मुलाखतीसाठी प्राधान्य असावे आणि अर्ज स्वीकारणारी केंद्रे महानगरांबाहेर विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोचावीत, या मागण्या अवास्तव नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे. पर्यटक व्हिसाच्या नावाखाली तोच धंदा करणारे मात्र त्या जाळ्यातून निसटतात. पंजाबने २०१२ मध्ये मानवी तस्करी रोखण्यासाठी कायदा करून प्रवासी दलालांना परवान्याच्या कक्षेत आणले. त्याच्या गुणदोषांचा अभ्यास करून महाराष्ट्रानेही या दिशेने पावले टाकावीत.

दुसरी पातळी समाजाची. आपल्याकडे लग्नापासून घरबांधणीपर्यंत सल्ला देणाऱ्यांची वाण नाही, पण व्हिसाचा अर्ज नीट भरून देणारा विश्वासू माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघ, बँकांतून निवृत्त झालेले अधिकारी आणि सार्वजनिक वाचनालये यांनी ठरविले, तर महिन्यातून एक दिवस विनामूल्य मार्गदर्शनाची सोय कोठेही उभी राहू शकेल. दलालाचे बळ अर्जदाराच्या अज्ञानात आहे. ते अज्ञान दूर झाले की दलालाचे दुकान आपोआप ओस पडेल. आणि गावातला एखादा तरुण शेत विकून ‘डंकी’च्या वाटेला निघतो, तेव्हा त्याला अडविण्याचे धैर्य दाखविणे हेही त्याच गावाचे काम आहे.

तिसरी पातळी व्यक्तीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. जे खरे आहे तेच लिहावे, जेवढे आहे तेवढेच दाखवावे, विचारलेल्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यावे आणि ठरल्या दिवशी परत यावे, एवढीच तिची आचारसंहिता. व्हिसा मिळण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या रकमा विमानाच्या तिकिटांत आणि हॉटेलांत अडकवू नयेत. नकार मिळालाच, तर तो कपाळावरचा कलंक मानू नये. कारण समजून घ्यावे, कागद सुधारावेत आणि पुढच्या वेळी तो नकार न लपविता पुन्हा अर्ज करावा. परक्या देशात असताना तेथील नियम पाळणे हा आपल्या पाहुणचाराच्या संस्काराचाच दुसरा भाग आहे. ज्याला यजमान होणे कळते, त्याला पाहुणा होणेही कळले पाहिजे.

सिंधुबंदीची बेडी आपल्या पूर्वसूरींनी निंदानालस्ती सोसून तोडली. परक्यांनी घातलेल्या बेड्याही त्यांनी मोडून काढल्या. आजच्या पिढीपुढचे काम त्या मानाने सोपे, पण चिकाटीचे आहे. प्रत्येक खरा अर्ज आणि मुदतीच्या आत परतलेला प्रत्येक प्रवासी भारतीयाच्या सामाईक पतीच्या खात्यात एकेक रुपयाची भर घालीत असतो. हे खाते भरत गेले, तर आज संशयाने उघडणारे दार उद्या विश्वासाने उघडेल. तोवर काचेपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे की, त्याच्या हातातील निळ्या पुस्तिकेवर सिंहमुद्रा आहे आणि तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ हे शब्द कोरलेले आहेत.